न लागलेली गोळी

नाथाजी लष्करातून कायमचा मोकळा होऊन घरी आला, तेव्हा अंजनाला बाळंत होऊन महिना उलटला होता. लढाई संपून वर्षही झालं नव्हतं, आणि कराडच्या स्टेशनात रोज कुणी ना कुणी ट्रंक-वळकटी घेऊन उतरत होतं. कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठी त्यांचं गाव. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. ही गोष्ट तुमच्याही गावात घडलेली असेल, आणि तुम्हीही ती कुणाला सांगितली नसेल.

माजघरापलीकडच्या अंधाऱ्या खोलीत अंजनाची बाज होती. बाजेखाली शेगडी, दाराला घोंगडीचा पडदा, आणि दाराशी पहाऱ्याला सासू, रंगूबाई. रंगूबाई सुनेवर जीव टाकणारी, पण बाळंतिणीच्या बाबतीत तिचे नियम सरकारी कायद्याहून कडक. पाणी प्यायचं ते घसा ओला होण्यापुरतं, त्यानं म्हणे पोट सुटतं. भाजीचं नाव काढायचं नाही, बाळाला वात होतो. सकाळ-संध्याकाळ बाजरीची भाकरी, सुकं खोबरं, लसणाची चटणी आणि डिंकाचे लाडू. तिच्या सासूनं तिला असंच जपलं होतं, तिनं सुनेला तसंच जपलं. प्रेमापोटी केलेली चूक कुणाच्या लवकर ध्यानात येत नाही. करणाऱ्याच्या तर नाहीच नाही.

नाथाजी पडद्याआडून पोरीला बघायला जायचा. पोरगी गोरीपान, नाकाडोळ्यानं थेट आजीवर गेलेली. पण आल्या दिवशीच त्याचं लक्ष पोरीवरून उडून अंजनावर गेलं. पोरीला पाजायला ती बसायची ती तिरकी, सगळा भार एका अंगावर टाकून. उठताना भिंतीला हात लावायची आणि ओठ दातांखाली धरायची. जेवायची ती बाजेच्या कडेला उभी राहून. झुंजूमुंजू व्हायच्या आत शेजारच्या बायांबरोबर ओढ्याकडे जाऊन यायची, ती परत आली की चेहरा पांढराफटक आणि कपाळाला घाम. मग दिवस मावळेपर्यंत पोट दाबून बसायचं, कारण उजेडी बाईमाणसानं तिकडे फिरकायचं नाही, हा गावाचा रिवाज.

अंजनाला काय झालंय, हे घरात कुणाला कळत नव्हतं. नाथाजीला मात्र पहिल्याच दिवशी कळलं. कळायचं कारण असं, की वर्षापूर्वी तो स्वतः अगदी तसाच बसत होता.

ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तो लष्करी ट्रक चालवायचा. दिवसदिवस चाक धरून बसायचं, खायला कडक बिस्किटं, पाणी कसंबसं ओठ भिजण्याइतकं, आणि पोट साफ करायला उतरावं तर मागं गाड्यांची रांग. महिनाभरात पोट दगड झालं. एक दिवस फार कुंथावं लागलं आणि संध्याकाळी बाहेरच्या अंगाला जांभळाएवढी टणक गाठ हाताला लागली. बसवेना, चालवेना. रात्र त्यानं पालथं पडून काढली, आणि सकाळी त्याच्या सुभेदारानं त्याला ओढतच आसामातल्या लष्करी दवाखान्यात नेलं.

तिथला मद्रासी डॉक्टर मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "शरम काहे की जवान, यह भी तेरा ही बदन है." त्यानं जागा बधिर केली, बारीकशी चीर देऊन आतली रक्ताची गुठळी काढली, आणि नंतरचे दिवस कोमट पाण्याच्या टबात बसवलं. डाळ, पालेभाजी, भोपळा, आणि तांब्यामागून तांब्या पाणी. लवकर आलास म्हणून चीर दिली, उशिरा आला असतास तरी नुसत्या कोमट पाण्यानं आणि पथ्यानं ही गाठ हळूहळू बसली असती, असंही तो म्हणाला. आणि निरोप देताना बजावून सांगितलं, की गावाकडे कुणाला झाली तर जाळायची नाही, दोऱ्यानं बांधायची नाही.

नाथाजी बरा झाला, रजेवर घरी निघाला. गाडीतल्या लाकडी बाकानं पुन्हा थोडं दुखावलं, म्हणून कराडच्या स्टेशनात तो पाय फाकून, लंगडत उतरला. घ्यायला आलेला बाप, आकाराम, पोराकडे बघतच राहिला.

"नाथा, गोळी लागली व्हय रं?"

भोवती गावची माणसं होती. ज्या गावात घराघरातून एक माणूस पलटणीत, त्या गावात गोळीचा मान केवढा, हे ज्याचं त्याला ठाऊक. नाथाजीनं मान खाली घातली. एवढंच केलं. बैलगाडी गावात पोचेपर्यंत गोळी मांडीत शिरली होती, आणि संध्याकाळी देवळापुढं तिनं हाड थोडक्यात चुकवलं होतं. त्या वर्षीच्या जत्रेत तालमीचे वस्ताद हंबीरराव यांनी कुस्तीच्या फडात त्याला भरजरी फेटा बांधला. आकाराम गावातून चालताना छाती काढून चालू लागला. बायकोनं विचारलं तेव्हाही नाथाजीनं, "भरून आलीया जखम, आता काय बघायची," म्हणून वेळ मारून नेली.

आता ती बायको पडद्याआड उभ्यानं जेवत होती.

एका दुपारी रंगूबाई नदीवर गेलेली बघून तो आत गेला.

"अंजने, बसायला तरास हुतो का गं तुला?"

अंजनानं पदर सावरला. तिचे कान लाल झाले. "न्हाई वो. कंबर धरलीया. बाळंतपनात धरतीच की."

"खरं सांगतीस न्हवं?"

"खोटं कशाला सांगू?"

आणि नाथाजीला हायसं वाटलं. होय, हायसं वाटलं. हे लिहिताना हात अडखळतो, पण झालं ते असं झालं. ती खरं बोलली असती, तर तुम्हाला कसं कळलं, हा पुढचा प्रश्न आलाच असता. पलटणीतल्या दुसऱ्या कुणाला झालं होतं म्हणून तो सहज सांगू शकला असता. पण एकदा खोटं पचवलेल्या माणसाला खरी गोष्ट बोलतानाही आपण पकडले जाऊ अशी धास्ती असते. त्यानं तिचं खोटं मुकाट्यानं घेतलं, आपलं जवळ ठेवलं, आणि दोघंही नवराबायको एकाच दुखण्याची ओळख असून परक्यासारखी बसून राहिली.

पुढं ओढ्याकाठी शेजारणीच्या नजरेला काय पडायचं ते पडलं, आणि तिनं रंगूबाईच्या कानात सांगितलं. रंगूबाईनं सुनेला आडोशाला घेऊन विचारलं. अंजना रडली, पण बोलली. "मोड आल्यात आत्याबाई. कुनाला सांगू नगा. ह्यास्नी तर न्हाईच न्हाई."

रंगूबाईनं कुणाला सांगितलं नाही. कराडच्या आठवड्याच्या बाजाराला मात्र ती मुद्दाम गेली. तिथं केरबा लेपवाला पथारी मांडून बसायचा. पुढ्यात मुळ्या, साली, आणि काचेच्या बरण्यांत पाण्यात बुडवलेलं काहीबाही. लोकांच्या अंगातून गळून पडलेले मोड म्हणून तो ते दाखवायचा. बाजारातले शहाणेसुरते लोक तिथून तोंड फिरवून पुढं जायचे आणि गर्दी पांगली की गुपचूप माघारी यायचे. केरबाचा धंदा त्याच्या औषधावर चालत नव्हता, लोकांच्या लाजेवर चालत होता.

दुसऱ्या दिवशी नाथाजी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला तर चुलीपाशी करवंटीत करड्या रंगाचा लेप कालवलेला. चुन्याचा आणि आणखी कशाचा तरी उग्र वास.

"आये, ह्ये काय?"

"बायकांचं हाय. बापयानं इचारू न्हाई."

"जाळायचं औषद हाय का?"

रंगूबाई करवंटी पदराआड घेत म्हणाली, "मुळापासनं जातंय म्हनं. तुला काय कळतंय रं त्यातलं?"

कळत होतं. घरात त्याला एकट्यालाच कळत होतं. उत्तर जिभेच्या टोकावर होतं, आणि नेमकी तेव्हाच ओसरीवरून हाक आली.

"हवालदार हायत का घरात?"

हंबीरराव आले होते. वैशाखातल्या जत्रेचं ठरवायला चार माणसं घेऊन आले होते. पहिल्या कुस्तीचा नारळ यंदा नाथाजीच्या हातानं फोडायचा, असं त्यांच्या मनात होतं. नाथाजी बाहेर आला, घोंगडीवर बसला. कुणी मांडीची चौकशी केली, कुणी लढाईची हकिगत पुन्हा काढली. आकाराम कोपऱ्यात कुशीवर कलंडून कौतुकानं ऐकत होता.

आतून एक आवाज आला. ओरडणं नव्हे. तोंडात पदर कोंबून ओरडलं की येतो तसा.

हंबीररावांनी विचारलं, "काय झालं?"

नाथाजी म्हणाला, "काय न्हाई. शेक देत्यात."

माझ्या नागरिक बंधूंनो, या गोष्टीत पाप कुठं असेल तर शेक देत्यात या दोन शब्दांत आहे. केरबा पोटासाठी खोटं विकत होता, रंगूबाई अडाणी मायेनं लेप लावत होती. या माणसाला सगळं माहीत होतं, आणि तो घोंगडीवर बसून राहिला. का, तर डोक्यावर फेटा होता.

तिसऱ्या दिवशी अंजनाला ताप भरला. लेपानं मोडाबरोबर भोवतालची कातडीही जळली होती, जखम चिघळली होती. अंग भट्टीसारखं तापलं, छातीतलं दूध आटलं. पोरगी भुकेनं टाहो फोडायची आणि अंजनाला मान वळवून बघवतही नव्हतं. नाथाजी कराडचा डॉक्टर आणायला निघाला, तर ती तापातही उठून बसायला धडपडली. "बापयाला दावनार न्हाई मी. त्याच्यापरीस मरीन."

तेव्हा कुणीतरी सांगितलं की सांगलीला बाईडॉक्टर आहे. नाथाजीनं बैलगाडी जुंपली. रंगूबाईनं पोरीला शेळीच्या दुधाचा बोळा तोंडात देत कडेवर घेतलं, आणि गाडी स्टेशनाकडे निघाली.

आगगाडीत गर्दी होती. एका हळदीच्या व्यापाऱ्यानं बाईमाणूस आजारी बघून आपली जागा दिली. "बसा की बाई."

"नगं," अंजना म्हणाली, आणि खिडकीचा गज धरून उभी राहिली. तापानं पाय लटपटत होते. व्यापारी बिचारा पुन्हा पुन्हा आग्रह करत होता, आणि ती प्रत्येक वेळी मान हलवत होती. नाथाजी तिला आधार देत शेजारी उभा राहिला. डब्यातली माणसं म्हणत असतील, काय हटवादी बाई आहे. ती का बसत नाही हे त्या डब्यात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्या अंगाला लाकडी बाक कसा लागतो, हे त्याच्या अंगाला आठवत होतं. मिरजेला गाडी बदलली, तिथंही ती उभीच होती. सांगलीच्या फलाटावर मात्र ती त्याच्या हातातून खाली घसरली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, लीलाबाई, पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या आणि स्पष्ट बोलायच्या. त्यांनी अंजनाला तपासलं, जखम धुतली, औषध भरलं, आणि बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. रंगूबाई आणि नाथाजी भिंतीला टेकून उभे होते.

"हा लेप कुणी लावला?"

रंगूबाईनं डोळ्याला पदर लावला. "म्या. बाजारातनं आनला हुता. बरं वाटंल म्हनून."

"बरं वाटावं म्हणूनच लावलात, ते मला दिसतंय. पण आजी, ही साधी गाठ होती. तिथल्या शिरा फुगतात, कधी आत रक्त गोठतं. फार दुखते, पण सहसा जिवावर येत नाही. दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्याच्या घमेल्यात बसवलं असतं, पोट साफ होईल असं खाऊ घातलं असतं, तर आठ-पंधरा दिवसांत आपोआप ओसरली असती. पाणी किती देत होता तिला?"

"घोट-घोट. बाळंतिनीला पानी..."

"बाळंतीण बाळाला दूध पाजते. ते दूध कशाचं होतं, आजी? तिला तुमच्या-माझ्याहून जास्त पाणी लागतं. पाणी नाही, भाजी नाही, आणि शौचाला जायचं तर अंधार पडेपर्यंत थांबायचं. मग पोट कडक होतं, कुंथावं लागतं, आणि मोड येतात. ते तिनं काही पाप केलं म्हणून येत नाहीत, कुणाची नजर लागून येत नाहीत." मग त्या नाथाजीकडे वळल्या. "तुम्ही यजमान ना? तुम्हाला केव्हा कळलं?"

नाथाजीनं खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. काही नाही कळलं म्हणून सांगितलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पण आतून अंजनाच्या कण्हण्याचा आवाज आला, ओसरीवर आला होता तसाच, आणि या वेळी त्याला घोंगडीवर बसून राहता आलं नाही.

"पयल्याच दिवशी कळलं बाई. मला सोताला झाली हुती. लढाईत. डाक्टरनं सगळं शिकवलं हुतं, जाळायचं न्हाई म्हनून बी सांगितलं हुतं."

रंगूबाई पोराच्या तोंडाकडे बघत राहिली. "आन् गोळी?"

"गोळी लागलीच न्हवती आये."

लीलाबाईंनी चष्मा काढून पुसला. त्या रागावल्या नाहीत, आणि ते नाथाजीला जास्त लागलं.

"माझ्याकडे रोज माणसं येतात," त्या म्हणाल्या. "शिकलेली येतात, अडाणी येतात. हात मोडला तर त्याच दिवशी येतात. हे दुखणं मात्र महिनोन् महिने घेऊन हिंडतात, आणि बाजारातल्या भोंदूनं जाळल्यावर येतात. रक्त दिसलं तरी मूळव्याधच असेल म्हणून घरी बसतात. ते दर वेळी मूळव्याधीचंच असतं असं नाही हो, कधी आत वेगळाच मोठा रोग असतो, तो आम्हाला वेळेवर दाखवावा लागतो. हाताला लाज नाही, पोटाला लाज नाही, मग या जागेनंच काय घोडं मारलंय? मूळव्याधीनं माणसं कमी मरतात. ती लपवून ठेवण्यानं जास्त मरतात."

"ती वाचंल न्हवं?"

"वाचेल. पण जळलेली जागा आक्रसून भरते. वाट अरुंद होईल. अधूनमधून तिला इथं यावं लागेल, आणि पुढच्या बाळंतपणाला फार जपावं लागेल. दुधाचं मात्र आता काही खरं नाही."

लीलाबाई रात्रंदिवस खपल्या. ताप उतरला. अंजना डोळे उघडून बोलू लागली, तशी एका सकाळी नाथाजी तिच्या खाटेशी जमिनीवर बसला आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. ट्रक, गाठ, टब, कराडचं स्टेशन, खाली घातलेली मान, करवंटी, आणि शेक देत्यात हे दोन शब्दसुद्धा. काही राखून ठेवलं नाही. तिनं शिव्या द्याव्यात, तोंड फिरवावं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

अंजना छताकडे बघत ऐकत होती. मग म्हणाली, "तुमास्नी बी आसंच दुखत हुतं?"

"व्हय."

"मला वाटायचं, जगात ह्ये मला येकलीलाच झालंय. कायतरी वंगाळ हाय माझ्यात. तुमी आलासा तवा जास्तच भ्या वाटायचं, तुमास्नी किळस येईल म्हनून. औषद ऱ्हावू द्या वो. मलाबी झालं हुतं, येवढं येक बोलला आसता, तर मी येकली नसते."

नाथाजीला रडू आवरलं नाही. पलटणीत माणसं मरताना बघूनही न रडलेला गडी, दवाखान्याच्या फरशीवर बसून हमसून हमसून रडला. अंजनानं त्याची समजूत घातली नाही. तेवढी ताकद तिच्यात उरली नव्हती, आणि त्याला ती मागायचा हक्कही नव्हता.

वैशाखात गावची जत्रा आली. अंजना घरी आली होती, माजघरात कुशीवर पडून होती. पोरगी शेळीच्या दुधावर वाढत होती. तिला छातीशी धरलं की ती तोंडानं शोधायची, आणि अंजना तिला हळूच आजीकडे द्यायची. ते बघूनच नाथाजी त्या दिवशी घराबाहेर पडला.

फड माणसांनी फुलला होता. पंचक्रोशीतले पैलवान लाल मातीत उभे, हलगी कडकडत होती. हंबीररावांनी हात वर केला तशी हलगी थांबली. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात फेटा. "आपल्या गावचा वाघ, जपानी गोळी मांडीत घिऊन आलेला..."

"वस्ताद, फेटा बांदू नगा," नाथाजी म्हणाला.

हंबीरराव हसले. "लाजतोस व्हय गड्या?"

"लाजलो, त्येचाच घोटाळा झाला." तो फडाच्या मधोमध गेला. आवाज चढवून बोलला. "मंडळी, मला गोळी लागली न्हाई. मला मूळव्याध झाली हुती. तिच्यासाठी दवाखान्यात हुतो. तुमी गोळी म्हनला, मी मान खाली घातली."

क्षणभर काही कळलं नाही कुणाला. मग मागच्या बाजूनं एक हसू फुटलं आणि बघता बघता सगळ्या फडात पसरलं. कुणी शिट्टी वाजवली. कुणी म्हणालं, जपान्यानं नेम लय बारीक धरला गड्या. हंबीररावांचा चेहरा पडला. आणि पुढच्या रांगेतून आकाराम उठला, धोतराचा सोगा झटकला, आणि पोराकडे न बघता गर्दीतून वाट काढत निघून गेला.

नाथाजीनं ते पाहिलं. तरी तो बोलत राहिला. "हसा. माझी बायकू आठ-पंदरा दिवसांत बरी झाली आसती. मला औषद ठावं हुतं. ह्या फेट्यापायी मी बोललो न्हाई, आन् बाजारच्या लेपानं ती जळली. पोरीला आईचं दूद तुटलं. तुमच्यात कुनाला आसंल तर लाजू नगा. कोमट पान्यात बसा, पानी प्या, पालाभाजी खावा, पोट तुंबू दिऊ नगा, आन् डाक्टरला दावा. मला इचारा. मी सांगतो."

हसू हळूहळू विरलं. मग कुणी टाळी वाजवली नाही की कुणी जवळ आलं नाही. हंबीररावांनी नारळ दुसऱ्याच्या हातात दिला आणि कुस्त्या सुरू झाल्या.

नाथाजी घरी आला तो बापाला तोंड कसं दाखवायचं या विचारात. आकाराम ओसरीवर घोंगडीवर पडला होता. नेहमीसारखा कुशीवर. आयुष्यभर नाथाजीनं बापाला असंच कलंडलेलं पाहिलं होतं. नांगरून आला की कुशीवर, देवळात कीर्तनाला बसला तरी खांबाला एका अंगावर रेलून. पाठ धरलीया म्हणायचा, आणि घरानं ते मानलं होतं.

"आबा, मी तुमची मान खाली घालायला लावली."

आतबाहेर कुणी नाही, हे आकारामनं बघून घेतलं. मग जमिनीकडे बघत, अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "त्ये कोमट पान्याचं कसं करायचं म्हनलास? जरा नीट सांग."

नाथाजी बापाकडे बघत राहिला. त्याच्या जन्माआधीपासून हा माणूस हे दुखणं घेऊन नांगर धरत होता, आणि एका छपराखाली त्याच दुखण्याची तीन माणसं एकमेकांपासून तोंड लपवत होती. त्यानं उठून चुलीवर पाणी ठेवलं.

पुढं माणसं येऊ लागली. उजेडी नव्हे, दिवेलागणीला, कुणी विळी मागायला, कुणी तंबाखूच्या निमित्तानं. हंबीररावही आले, ते जत्रेचा राग सांगायला म्हणून आले आणि वेगळंच विचारून गेले. नाथाजी कुणाला हसला नाही. ज्यांचं रक्त थांबत नव्हतं त्यांना त्यानं स्वतः सांगलीला नेऊन लीलाबाईंपुढं उभं केलं. शेजारच्या बयाबाईची लेक बाळंत झाली, तेव्हा रंगूबाई पाण्याचा तांब्या आणि मेथीची पातळ भाजी घेऊन तिच्या बाजेशी गेली. बयाबाई आडवी आली, तर रंगूबाई म्हणाली, "म्या माझ्या सुनंला तान्हेली ठिवली. तू ठिवू नगंस." गावातल्या पुरुषांनी ओढ्याकाठी बायकांसाठी कुडाचा आडोसा घातला, तो मात्र अंजनानं हट्टानं मागून घेतला.

गाव सुधारलं म्हणायचं. पण अंजना अजून जेवताना उभी असते. सांगलीच्या फेऱ्या सुटलेल्या नाहीत, आणि दुसऱ्या बाळंतपणाचं नाव घरात कुणी काढत नाही. ताट तिच्यापुढं फळीवर ठेवलं की नाथाजीही आपलं ताट उचलून तिच्या शेजारी उभा राहतो. ती म्हणते, "तुमी बसा की." तो बसत नाही.

बंधूंनो, भगिनींनो, देहाची कुठलीच जागा पापी नसते आणि कुठलंच दुखणं लाजिरवाणं नसतं. घरात कुणी उभ्यानं जेवत असेल, तिरकं बसत असेल, तर आजच विचारा. आणि तुम्हाला स्वतःला ते दुखणं ठाऊक असेल तर आधी आपलं सांगा. नाथाजीनंही सांगितलंच, फडात सगळ्या गावापुढं सांगितलं. फक्त ज्या दुपारी ते एका माणसाला सांगायचं होतं, ती दुपार निघून गेली होती.